विदूषक महापौर झाला तेव्हां

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे आमच्या पुतण्याच्या मोबाइलांतून हंसण्याचे आवाज अधिक येऊं लागतात. त्याचें हें पहिलेंच मतदान. एके सायंकाळीं आम्ही ओटीवर येऊन बसलों असतां तो शेजारीं बसून म्हणाला, "काका, सगळे उमेदवार सारखेच. ह्या वेळीं जो सगळ्यांत जास्त हंसवील त्यालाच मी मत देणार." आम्हीं छत्तीस वर्षें मुलांस संस्कृत व मराठी शिकविलें. वर्गांत कोणी हंसला तर प्रथम त्यास उभा करावयाचा आणि मग कारण विचारावयाचें, हा आमचा शिरस्ता. तेव्हां त्या वाक्यावर आम्ही काय बोललों असूं हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. परंतु मुलगा इतक्यानें गप्प बसणारा नव्हे. त्यानें यूट्यूबवरील एक चित्रफीत काढून आमच्यापुढें धरली. ती होती उत्तर अटलांटिक महासागरांतील आइसलंड बेटाची राजधानी रेक्याविक येथील २०१० सालच्या नगरपालिका-निवडणुकीची. ती पाहून आम्हांस प्रथम राग आला, मग हंसूं आलें, आणि पुढें कित्येक दिवस त्या विषयावर जें मिळेल तें आम्ही वाचीत राहिलों.

त्या उमेदवाराचें नांव योन ग्नार. १९६७ सालीं रेक्याविक येथेंच जन्मलेला हा गृहस्थ धंद्यानें विनोदी नट. वडील पोलिसांत नोकरीस होते. शाळेंत अक्षरांचें आणि त्याचें कधीं जुळलें नाहीं. बाळपणीं त्यास मंदबुद्धि ठरविण्यापर्यंत मजल गेली होती. (हें वाचतांना आम्हांस आमच्या वर्गांतील शेवटच्या बांकांवरचे कांहीं चेहरे आठवले.) मोठेपणीं त्यानें टॅक्सी हांकली, मनोरुग्णालयांत शुश्रूषेचें काम केलें, आणि शेवटीं नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर त्याचें नशीब उघडलें. २००७ सालीं 'रात्रपाळी' अशा अर्थाच्या नांवाची त्याची एक मालिका तिकडे फार गाजली. तींत तो पेट्रोल पंपावरील रात्रपाळीचा मुकादम होता: हाताखालच्या दोघांवर अंमल गाजविणारा, येतां जातां आपल्या पदव्या सांगणारा, आणि आंतून अतिशय एकाकी. सत्तेचा एवढासा तुकडा हातीं आला तरी मनुष्य कसा फुगतो, हें ज्यानें इतक्या बारकाईनें दाखविलें, तोच पुढें सत्ता मागावयास उभा राहिला. अशा मुकादमांचे नमुने शिक्षणखात्यांतहि आढळतात. अधिक लिहीत नाहीं.

हा विनोद कोणत्या जमिनींत उगवला तें कळल्यावांचून त्याची चव कळावयाची नाहीं. आइसलंड हा त्या वेळीं सुमारें तीन लक्ष वस्तीचा देश होता. २००८ च्या ऑक्टोबरांत त्याच्या तीन मोठ्या बँका, ग्लिटनिर, लान्ड्सबांकी व कौपथिंग, एका आठवड्याच्या आंत कोसळल्या. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या कित्येक पट त्यांचा पसारा वाढला होता. चलन घसरलें, आणि परकीय चलनाशीं जोडलेलीं कर्जें काढून ज्यांनीं घरें घेतलीं होतीं त्यांचे हप्ते पाहतां पाहतां दुणावले. २००९ च्या जानेवारींत लोक पातेलीं, तवे, झारे घेऊन पार्लमेंटच्या दारांत जमले व तीं बडवीत राहिले. महिनाअखेर मंत्रिमंडळ कोसळलें. रेक्याविक नगरपालिकेची तर त्याआधींपासूनच शोभा झाली होती. २००६ ते २०१० ह्या चार वर्षांत तेथें चार महापौर होऊन गेले! पुढें १२ एप्रिल २०१० रोजीं बँकांच्या दिवाळ्याची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल बाहेर पडला. नऊ खंड, दोन हजारांहून अधिक पृष्ठें. तेथील नगरनाट्यगृहाच्या नटांनीं तो अथपासून इतिपर्यंत, रात्रंदिवस, आळीपाळीनें मोठ्यानें वाचून दाखविला. आपल्याकडे गुरुचरित्राचा सप्ताह बसतो; त्या लोकांनीं स्वतःच्या दिवाळ्याचा सप्ताह बसविला. त्याच आठवड्यांत एयाफ्यात्लायोकुत्ल नामक ज्वालामुखी पेटून त्याच्या राखेनें युरोपांतील विमानें जमिनीवर बसविलीं. दीर्घ समासांचा विग्रह करण्यांत आमचा जन्म गेला. पण ह्या नांवापुढें आमची जिव्हा शरण आली.

अशा काळांत, २००९ च्या अखेरीस, ग्नारनें एक पक्ष काढून त्याचें नांव 'बेस्टी फ्लोकुरिन', म्हणजे 'सर्वोत्तम पक्ष', असें ठेविलें. ज्यांनीं राजकारणाचें तोंडहि पाहिलें नव्हतें असे गवई, नट व लेखक त्यानें यादींत घेतले. टीना टर्नर ह्या गायिकेच्या एका प्रसिद्ध गीताच्या चालीवर प्रचाराचें गाणें रचून तें महाजालावर सोडून दिलें. आश्वासनें ऐकावीं! नगराच्या सर्व पोहण्याच्या तलावांवर टॉवेल फुकट. प्राणिसंग्रहालयास एक ध्रुवीय अस्वल. विमानतळाच्या जागीं डिस्नेलँड. २०२० पर्यंत पार्लमेंट संपूर्ण अमली पदार्थमुक्त. आणि ह्या सर्वांवर कळस म्हणजे, इतर पक्ष गुप्तपणें भ्रष्टाचार करतात, आम्ही तो उघडपणें करूं. आम्ही सर्वांपेक्षां अधिक आश्वासनें देऊं शकतों, कारण त्यांतील एकहि पाळण्याचा आमचा विचार नाहीं! आपणांस चांगल्या पगाराची जागा हवी आहे व मित्रांची सोय लावावयाची आहे, हेंहि त्यानें लपविलें नाहीं.

येथें आमच्यांतील जुना पंतोजी जागा झाला. भरतमुनींनीं हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत: आपण हंसणें आणि दुसऱ्यास हंसविणें. निवडणुकींतला विनोद बहुधा दुसऱ्या प्रकारांतला, आणि त्याचा बाण प्रतिपक्षावर असतो. आपल्याकडे आचार्य अत्र्यांनीं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत सभाच्या सभा हंसवून सोडल्या व ते विधानसभेंतहि गेले. परंतु त्या हंसण्याखालीं चिरडला जाई तो विरोधक. ग्नारनें बाण उलटा फिरविला. त्यानें थट्टा केली ती स्वतःच्या उमेदवारीची, आणि तिच्या आरशांत बाकीच्या उमेदवारांचीं तोंडें आपोआप दिसूं लागलीं. हें विदूषकाचें तंत्र. संस्कृत नाटकांत विदूषक ब्राह्मण असावयाचा हा संकेत वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हां ह्या प्रश्नांत आपणांस कांहीं घरचें मत देण्याचा अधिकार आहे! शाकुंतलांतील माधव्याचें लक्ष मोदकांवर असतें, मृच्छकटिकांतील मैत्रेय चारुदत्ताच्या पडत्या काळांतहि त्यास सोडीत नाहीं. दोघेहि मित्राच्या तोंडावर खरें बोलतात. त्यांस तें साधतें, कारण त्यांस स्वतःला त्याच्या जागीं बसावयाचें नसतें. विदूषकच सिंहासन मागूं लागला म्हणजे त्याच्या खरेपणाचें काय होतें, हा प्रश्न आमच्या वाचनांतील कोणत्याहि नाटककारानें घातलेला नाहीं. रेक्याविककरांनीं तो प्रत्यक्ष करून पाहिला.

आणि येथेंच आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली, जी आम्ही आजवर घरांतहि बोललों नव्हतों. बहुत वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत मंत्र्याची निवडणूक होती. एका मुलानें भाषणांत, ग्रंथालयाचें कपाट रोज मधल्या सुटींत उघडें राहील, असें आश्वासन दिलें. दुसरा, हाडकुळा, वारंवार चुकणारा मुलगा उठून म्हणाला, "मी कपाट उघडीन असें सांगत नाहीं, कारण किल्ली गुरुजींच्या खिशांत असते. मी निवडून आलों तर रोज त्या खिशाकडे पाहत राहीन." वर्ग खो खो हंसला. आम्हीं त्याचें नांव फळ्यावरून पुसलें. पहिला मुलगा मंत्री झाला. किल्ली वर्षभर आमच्या खिशांतच राहिली.

असो. २९ मे २०१० रोजीं मतदान झालें. सर्वोत्तम पक्षास शेंकडा ३४.७ मतें व पंधरांपैकीं सहा जागा मिळाल्या. अनेक दशकें त्या नगरावर सत्ता गाजविलेल्या स्वातंत्र्य पक्षास पांच. बहुमतास दोन जागा कमी होत्या, म्हणून सहकारी शोधणें आलें. ज्यानें 'द वायर' ही अमेरिकन मालिका पाहिली नसेल त्याच्याशीं आपण युति करणार नाहीं, असें ग्नारनें आधींच जाहीर केलें होतें. ही मालिका बाल्टिमोर शहराचे पोलिस, गोदी, नगरकारभार, शाळा व वृत्तपत्रें कशीं आंतून पोखरलीं जातात तें दाखविते. म्हणजे ही थट्टा वाटते तितकी पोकळ नव्हती. अखेर युति झाली ती सोशल डेमोक्रॅट पक्षाशीं. त्यांचा पुढारी दागुर एगर्टसन हा शिक्षणानें डॉक्टर, आणि मधल्या धामधुमींत कांहीं काळ महापौर राहिलेला. कारभाराच्या खाचाखोचा त्यास ठाऊक होत्या. आपल्या नाटकांत राजा मुख्य व विदूषक त्याचा नर्मसचिव; येथें नर्मसचिव गादीवर बसला आणि अमात्यानें वह्या सांभाळल्या.

रेक्याविकचा महापौर हा आपल्याकडच्यासारखा बहुतांशीं मानाचा धनी नव्हे. आयुक्ताचा कारभारहि त्याच्याच माथीं असतो. पहिल्याच वर्षीं जें संकट पुढें आलें तें हंसण्यासारखें नव्हतें. ओर्कुवेता रेक्याविकुर ही नगराच्या मालकीची कंपनी जमिनींतील उष्ण पाणी घरोघर पोंचविते व वीजहि पुरविते. थंड देशांत अशा कंपनीचें महत्त्व काय वर्णावें! चढत्या काळांत तिनें भव्य कचेरी बांधली व परकीय चलनांत मोठीं कर्जें काढलीं. चलन घसरतांच ती बुडावयास आली. नव्या महापौरानें पाण्याचे व विजेचे दर चढविले, नोकर कमी केले, खर्च छाटला. पुढें ती कचेरीहि विकावी लागली. २०११ सालीं बालवाड्या व शाळा एकत्र करण्याचें ठरलें तेव्हां पालक चिडून उठले. टॉवेल फुकट देऊं म्हणणाऱ्याच्या हातून लोकांस मिळालीं तीं वाढलेलीं बिलें. तरी कंपनी वांचली, आणि चारहि वर्षें महापौर एकच राहिला. मागील चार वर्षांचा हिशेब ज्यांस आठवत होता त्यांस हेंहि थोडें वाटलें नसावें.

त्यानें विनोद मात्र सोडला नाहीं. फेसबुकवर तो महापौराची दैनंदिनी लिही. २०१० च्या ऑगस्टांत समलिंगी नागरिकांच्या वार्षिक उत्सवांत तो लुगड्यांत नव्हे, पण तिकडच्या भपकेदार स्त्रीवेषांत आला आणि सांगूं लागला कीं, महापौरांस येणें जमलें नाहीं. विदूषकास मतें दिलीं म्हणजे असेंच व्हावयाचें! आमच्या मंडळींस हें पसंत पडलें नाहीं. आम्हीं त्यांस इतकेंच विचारलें कीं, बालगंधर्वांची भामिनी पाहावयास त्यांचे आजोबा किती मैल चालत गेले होते?

अस्वल आलें नाहीं. आइसलंडांत ध्रुवीय अस्वलें राहत नाहींत. क्वचित् एखादें समुद्रांतून किनाऱ्यास लागतें व बहुधा मारलें जातें, २००८ सालीं दोन असेंच मारलें गेलीं होतीं. डिस्नेलँडहि झालें नाहीं. म्हणजे आश्वासनें मोडण्याचें आश्वासन त्यानें पुष्कळ अंशीं पाळलें म्हणावयाचें! आम्हांस मात्र अधिक नवल वाटलें तें पुढील गोष्टीचें. २०१४ मध्यें तो पुन्हां उभा राहिला नाहीं. पक्षहि मिटविला. जून महिन्यांत दागुर एगर्टसन महापौर झाला. हातची सत्ता आपण होऊन खालीं ठेवणारे पुरुष आम्हीं पुराणांत बरेच वाचले आहेत, नगरपालिकांत फारसे नाहींत. येथवर लिहून त्यास राजर्षि ठरविण्याचा मोह आम्हांस झाला होता. परंतु सत्यास जागलें पाहिजे. २०२४ सालीं तो राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभा राहून हरला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत एका रीतसर पक्षाच्या तिकिटावर पार्लमेंटांत निवडून गेला. सिंहासनाची चटक विदूषकासहि लागते, असें आमची मंडळी म्हणाली. असेल; आम्ही वाद घातला नाहीं.

पुतण्यास आम्हीं हें सर्व तीन संध्याकाळीं सांगितलें. हंसविणाऱ्यास मत द्यावें कीं नाहीं ह्याचें उत्तर त्यास आमच्याकडून मिळालें नाहीं. तो कोणावर हंसवितो, आणि दरवाढीच्या दिवशीं त्याच्याजवळ वह्या सांभाळणारा कोण आहे, एवढें पाहून ये म्हणालों. त्यानें मान डोलाविली. नंतर वर्गमंत्र्याची ती गोष्टहि आम्हीं त्यास सांगितली. तो हंसेल असें वाटलें होतें. तो हंसला नाहीं.

"मग त्या मुलाचें पुढें काय झालें, काका?"

"दुसऱ्या वर्षीं आम्हीं होऊन त्यास नांव देण्यास सांगितलें," आम्ही म्हणालों. "तो उभा राहिला नाहीं."