पिट्ठूत काय भरायचे? जेंटू लिनक्सचे यूज फ्लॅग

उबुंटू किंवा फेडोरावर आपण प्रोग्रॅम बसवतो तेव्हा तो कोणीतरी आधीच कंपाइल करून ठेवलेला असतो. सगळ्यांना चालावा म्हणून त्यात ब्लूटूथपासून प्रिंटरपर्यंत सर्व काही घातलेले असते. आमच्या संगणक क्लबात मी ज्या जुन्या यंत्रावर काम करतो त्याला ना ब्लूटूथ आहे ना प्रिंटर, आणि रॅम फक्त ४ जीबी. त्यावर आम्ही जेंटू चालवतो. जेंटूत सोर्स कोड आपल्या यंत्रावर येतो आणि तो कसा बांधायचा हे आपण ठरवतो. (डिसेंबर २०२३ पासून तिथेही तयार पॅकेजे भरपूर मिळतात, पण मग शिकणार काय?)

हे ठरवण्याचे साधन म्हणजे यूज फ्लॅग. क्रॉस कंट्रीला निघताना पिट्ठूत मच्छरदाणी कोणी भरत नाही, कॅम्पला जाताना भरतो, तसेच हे. मेक डॉट कॉन्फ या फाइलमध्ये 'यूज' नावाची एक ओळ असते. तिच्यात फ्लॅगचे नाव लिहिले की ती सोय चालू, नावाआधी उणे चिन्ह दिले की बंद. हा हुकूम सर्व पॅकेजांना लागू होतो. एकट्या विमला पायथनची जोड हवी असेल, तर ते पॅकेज डॉट यूजमध्ये लिहायचे. दोन्हींत विरोध आला तर पॅकेज डॉट यूजचे चालते.

काही जण 'उणे तारा' लिहून सगळेच फ्लॅग बंद करतात. माझ्या मते हा उतावीळपणा आहे. प्रोफाइलने विचारपूर्वक दिलेल्या सोयीही त्यात जातात, आणि मग एकेक शोधत बसावे लागते. आधी इमर्जला 'प्रिटेंड' आणि 'व्हर्बोज' हे पर्याय देऊन पाहावे; काहीही न बसवता कोणते फ्लॅग चालू आणि कोणते बंद ते दिसते. फाइल बदलली म्हणून प्रोग्रॅम बदलत नाही. 'चेंज्ड-यूज' देऊन संबंधित पॅकेजे पुन्हा बांधावी लागतात.

एवढा खटाटोप कशाला, असे पालक विचारतील. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मुद्दाम दडवलेला चोरदरवाजा सापडला. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या तो लक्षात आला. मूळ ओपनएसएसएचला एक्सझेड लागतच नाही. काही वितरणांनी सिस्टमडीला सूचना देण्यासाठी एक जोड लावली होती, तिच्या मागून एक्सझेड आत शिरले. जेंटूने ती जोड लावली नव्हती, म्हणून हल्ल्याचा तो मार्ग तिथे नव्हता. तरीही खबरदारी म्हणून त्यांनी जुन्या आवृत्तीवर परतायला सांगितले. हा निर्णय यूज फ्लॅगचा नव्हता, पण विचार तोच: नको असलेला कोड आत घेऊच नये.

कनिष्ठ कॅडेटांसाठी दोन गोष्टी. 'मार्च' पर्यायात 'नेटिव्ह' लिहिले की प्रोग्रॅम त्याच प्रोसेसरसाठी बांधला जातो; ती डिस्क जुन्या यंत्रात लावली तर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद पडू शकतो. आणि मेकऑप्ट्समध्ये दर कामाला साधारण २ जीबी रॅम धरा. आमच्या यंत्राला चार कोअर असले तरी आम्ही आकडा दोनच ठेवतो, आणि ब्राउझर रात्री लाइट्स आउटच्या आधी कंपाइलला लावतो.