पिल्लू दिसलं की इंजीन बंद

देवबागहून होडी सुटली की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "डॉल्फिन नक्की दिसतील ना?" पाहुण्यांना समुद्र दाखवणं हे माझं काम आहे, तरी खात्री मी कुणालाच देत नाही. ऑक्टोबर ते मे या काळात, सकाळी लवकर आणि वारा पडलेला असताना निघावं, एवढंच सांगते.

मालवण, तारकर्ली, निवती या पट्ट्यात किनाऱ्यालगत दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर कुबड, त्यावर लहानसा पर. हा उथळ पाण्यातला प्राणी. कर्ली खाडीच्या मुखाशी मासळी भरपूर, म्हणून तिथे त्याची ये-जा असते. श्वासासाठी वर येताना आधी लांब तोंड दिसतं, मग पाठीची कमान, आणि फुस्स असा आवाज.

आईशेजारी फिकट राखाडी, जेमतेम मीटरभर लांबीचं काही दिसलं, तर ते पिल्लू. नवजात पिल्लाच्या कुशीवर उभ्या वळ्या असतात. पोटात दुमडून राहिल्याच्या त्या खुणा. पिल्लू आईच्या अंगाला चिकटून पोहतं, कारण तिच्या वेगाने सरकणारं पाणी त्यालाही पुढे नेतं. त्याला आईपेक्षा जास्त वेळा श्वास घ्यायला वर यावं लागतं. मागे होडी लागली की दोघांची ताटातूट होऊ शकते, दूध पाजणं थांबतं आणि विश्रांतीही मोडते. मादीला साधारण दहा ते बारा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होतं आणि पुढचं व्हायला बहुधा तीनेक वर्षं जातात. म्हणून एकेक पिल्लू मोलाचं.

आमचे तांडेल काका हे जाणतात. कळप दिसला की ते बाजूने, समांतर, हळूहळू जातात. समोरून कधीच नाही. पिल्लू दिसताच इंजीन बंद. एकदा पाहुण्यांनी जवळ न्यायचा आग्रह धरला, तेव्हा ते म्हणाले, "पिल्लू हा बरोबर, फुडे जाव नको. तेंका येवचा आसात तर तीच येतली." थोड्या वेळाने मायलेकरं होडीच्या बाजूने निघून गेली, आणि ती सगळ्यांना नीट बघता आली.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने 2017 साली या डॉल्फिनला संकटग्रस्त ठरवलं. आपल्या वन्यजीव कायद्यानेही त्याला पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिलं आहे. पण भर समुद्रात प्रत्येक होडीमागे पहारेकरी नसतो. तेव्हा होडी ठरवतानाच सांगा: "पाठलाग करू नका, पिल्लू दिसलं तर लांबच थांबा." गिऱ्हाइकाने मागितलं, तर होडीवालाही तसंच करेल.