स्टॅग वीकेण्ड, व्हाया उंबरमाळी

ग्रुपमधली आणखी एक विकेट पडली! साखरपुडा झाला, तारीख ठरली आणि आता ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय, 'बॅचलर पार्टीचं काय?' गोव्याचा प्लॅन नेहमीप्रमाणे तीन दिवसांत बारगळतो. एकाला रजा नाही, दुसऱ्याचा ईएमआय सुरू झालाय, तिसऱ्याला घरून परमिशन नाही. मग कुणीतरी, बहुधा नुकताच मॅनेजर झालेला, पिल्लू सोडतो, 'गोल्फ खेळू या का?'

हसू नका. आयडिया वाटते तितकी वाईट नाही. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला २०११मध्ये. तेव्हापासून बॅचलर ट्रिप म्हणजे काहीतरी थरारक हवं, असं आपल्या डोक्यात बसलंय. पण कॉलेज सुटून सात-आठ वर्षं झालेल्या मित्रांना थरारापेक्षा जास्त गरज असते ती निवांत गप्पांची. गोल्फमध्ये चौघं जण दोन-अडीच तास एकत्र चालतात. मधे मोबाइल नाही, डीजे नाही. एक जण फटका मारतो आणि तिघं खिदळतात. लग्नाच्या तोंडावर असलेल्या मित्राला जे कुणाशी तरी बोलायचं असतं, ते याच चालण्यात निघतं.

खेळायचं कुठे?

पहिला धक्का इथे बसतो. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (१९२७) किंवा विलिंग्डन (१९१८) ही मेंबरांची ठिकाणं. तुमच्या साहेबांचे साहेब मेंबर असतील आणि त्यांनी गेस्ट म्हणून नेलं, तरच एन्ट्री. बारा जणांच्या टोळक्याला तर विसराच. त्यापेक्षा सिडकोने खारघरच्या डोंगराच्या कुशीत तयार केलेलं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स बरं. ते सार्वजनिक आहे, पैसे भरा आणि खेळा. पुणेकरांना लवळ्याचं ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट जवळ.

फोन करताना तीन गोष्टी आधीच सांगा. किती जण आहात, त्यांतले किती जण आयुष्यात पहिल्यांदा क्लब हातात धरणार आहेत आणि भाड्याचे सेट किती लागतील. नवशिक्यांना काही कोर्स थेट मैदानावर सोडत नाहीत, आधी ड्रायव्हिंग रेंजवर पाठवतात. त्यात कमीपणा नाही. उलट तासभर रेंजवर चेंडू बडवले की निम्म्या लोकांची हौस तिथेच फिटते! शनिवार-रविवारच्या सकाळी नियमित खेळणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून शुक्रवारची रजा टाकता आली तर उत्तम. आणि अठरा होलचा हट्ट नको. चौघांना त्याला चार-पाच तास लागतात, नवख्यांना त्याहून जास्त. नऊ होल भरपूर झाले.

खेळायची पद्धत 'स्क्रॅम्बल' ठेवा. चौघांची टीम. चौघंही फटका मारतात, ज्याचा चेंडू सगळ्यांत चांगल्या जागी पडला तिथून पुन्हा चौघं मारतात, आणि हे चेंडू होलमध्ये जाईपर्यंत. त्यामुळे एकाने चेंडू झुडपात घातला तरी टीम बुडत नाही. होलचा व्यास असतो जेमतेम सव्वाचार इंच. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) खेळलेला पुण्याचा उदयन माने तिथे जे सहज करतो, ते आपल्याला जमणार नाही हे आधीच मान्य केलं की खेळ मस्त रंगतो. कॉलरवाला टी-शर्ट घाला. जीन्स आणि नवरदेवाला नेसवायची साडी, दोन्ही घरी ठेवा. ड्रेसकोडच्या बाबतीत गोल्फवाले सासरच्या मंडळींपेक्षा कडक असतात. कॅडीचं ऐका. तुमच्या बॉसपेक्षा त्याला गोल्फ नक्की जास्त कळतो. टीप देताना हात आखडू नका.

मुक्काम नवरदेवाच्या गावाला

आता या वीकेण्डचा खरा ट्विस्ट. समजा, नवरदेव उंबरमाळीकडचा आहे. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधला, रोज कसारा लोकल पकडणारा. 'लेट झाला, गाडी लेट होती' हे त्याचं वाक्य तुम्ही दोनशे वेळा ऐकलंय, पण त्याचं घर पाहिलेलं नाही. खर्डी आणि कसारा यांच्या मधलं हे छोटंसं स्टेशन. बहुतेकांनी ते इगतपुरीला जाताना खिडकीतून पाहिलेलं असतं, तेही डुलकी लागली नसेल तर. सीएसएमटी ते कसारा साधारण १२० किलोमीटर. हा माणूस ऑफिसच्या बर्थडेला केक कापून साडेसातला का पळतो, ते या आकड्यावरून कळतं.

म्हणून रात्रीचा मुक्काम हॉटेलात नको, त्याच्या गावाला करा. सकाळी खारघरला खेळायचं, जेवायचं आणि ऊन कलताना भिवंडीवरून नाशिक हायवेला लागायचं. संध्याकाळपर्यंत उंबरमाळी. जून २०२५पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण सुरू झाल्यामुळे नाशिककडच्या मित्रांनाही हे ठिकाण सोयीचं पडतं. लोकलने येणाऱ्यांनी मात्र टाइमटेबल पाहून निघावं. बऱ्याच गाड्या टिटवाळ्याला नाहीतर आसनगावला संपतात आणि कसारा लोकल चुकली की पुढची दादरसारखी चार मिनिटांत येत नाही.

मग इथेच गोल्फ का नाही?

रात्री अंगणात बसल्यावर तोच नवा मॅनेजर म्हणणार, 'एवढी जागा आहे यार! इथेच एक गोल्फ कोर्स काढला तर?' या प्रश्नाचं उत्तर पाण्यात आहे.

साधं गणित करू. गवत हिरवं ठेवायला उन्हाळ्यात रोज अंदाजे पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. वीस हेक्टर गवताला हे झालं दिवसाला दहा लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. रोज!

आणि हा तालुका कुठला? शहापूर. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा इथलेच. तानसाचं पाणी १८९२पासून मुंबईला जातंय आणि आज मुंबईच्या एकूण पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा असतो. पण याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. पाऊस कमी म्हणून नव्हे. जुलै २०२१मध्ये उंबरमाळी स्टेशनात रुळांवर फलाटाच्या उंचीपर्यंत पाणी चढलं होतं आणि गाड्या बंद पडल्या होत्या. जुलैत धो धो कोसळलेलं पाणी उतारावरून निघून जातं, धरणात साठलेलं शहराकडे जातं आणि मे महिन्यात हंडा रिकामा राहतो. तुम्ही सकाळी शॉवरखाली जे पाणी वापरता, त्यात तुमच्या मित्राच्या गावच्या डोंगरावरचं पाणी असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच्या आईने मात्र ते कदाचित डोक्यावरून आणलेलं असेल.

हे ऐकल्यावर गोल्फ सोडायची गरज नाही. पण जिथे खेळणार तिथे प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात का, हे विचारायला लाज कसली? आणि मुक्काम मे महिन्यातला असेल तर बारा जणांसाठी पिण्याचे जार सोबत न्या. बादली अर्धीच भरा. पाहुणा म्हणून एवढं तरी करता येतं.

तीन होल, एक विटी

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल्फचा गावठी अवतार. भातकापणी नोव्हेंबरपर्यंत उरकते. त्यानंतर खाचरं मोकळी होतात. मात्र काही जण ओलीवर वाल किंवा हरभरा टाकतात, म्हणून आधी मालकाला विचारा, मगच पाऊल टाका. तीन खड्डे, तीन झेंडे, टेनिसचा बॉल आणि हॉकी स्टिक. बांध ओलांडला की एक फटका दंड. पाण्याचा एक थेंब लागत नाही!

त्याहून भारी म्हणजे थेट विटी-दांडू. गोल्फ हा शब्द डच 'कोल्फ'वरून आला असं मानतात आणि आपण विटी 'कोलतो'. नातं काही नाही, पण योगायोग झकास आहे. इथे अंतर यार्डांत मोजत नाहीत, दांडूने मोजतात. कॅडी लागत नाही, गावातली पोरं फुकट सल्ले देतात. आणि आदल्या दिवशी खारघरला शेवटचा आलेला नवरदेव इथे सगळ्यांना धूळ चारतो. वीकेण्डचा हीरो तोच असायला हवा ना?

पार्टी म्हणू नका, केळवण म्हणा

स्टॅग पार्टी इंग्रजी असली, तरी लग्नाआधी नवरदेवाला बोलावून जेवू घालायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. केळवण म्हणा किंवा गडगनेर. फरक एवढाच, की आपल्याकडे त्याला खाऊ घालतात आणि तिकडे पाजतात! दुपारचं जेवण गावातल्या बचत गटाला सांगा. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा, शाकाहाऱ्यांना वालाचं बिरडं. चार दिवस आधी नक्की माणसं कळवा, निम्मे पैसे आधी द्या आणि 'गावात स्वस्त असतं ना' म्हणत घासाघीस करू नका.

नवरदेवाला पाटावर बसवा, ओवाळायला त्याच्या आईला बोलवा. काल रात्रीपर्यंत 'शेवटचे मोकळे दिवस' म्हणून त्याची टर उडवणारी गँग अचानक गप्प होते. कुणीतरी आहेराचं पाकीट पुढे करतो. डोळ्यांत पाणी येतं ते रश्श्याच्या तिखटाने, असं सगळेच म्हणतात.

जाता जाता चेकलिस्ट

बजेट : ज्याचा पगार सगळ्यांत कमी त्याला परवडेल तेवढंच. हे त्याला न विचारता, आधी आपापसांत ठरवा. नवरदेवाचा खर्च बाकीच्यांनी वाटून घ्यायचा.

ड्रायव्हर : एक न पिणारा, किंवा पगारी. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. कसारा घाट अंधारात तसाही माफी देत नाही. दारू जिथे घ्यायची तिथेच रात्र काढा. घरच्यांना चालत नसेल तर ती गावात नकोच.

आवाज : दहाला स्पीकर बंद. परवा तुम्ही मुंबईत असाल, पण त्याच्या घरच्यांना याच शेजाऱ्यांसोबत राहायचंय.

पाणी : धरणात पोहणं आणि पावसाळ्यात धबधब्याखाली स्टंट, दोन्ही नाही. लग्नाला बाराच्या बारा जण हवेत.

कचरा : बाटल्या, प्लेट्स परत गाडीत. जवळच तानसा अभयारण्य आहे, तिथले रहिवासी तुमचा कचरा उचलणार नाहीत.

रविवारी संध्याकाळी गाड्या निघतील. नवरदेव फाटकापर्यंत सोडायला येईल. सोमवारी तो ऑफिसात उशिरा पोचला आणि म्हणाला, 'लोकल लेट होती', तर या वेळी कुणी डोळे फिरवणार नाही. उलट नवा मॅनेजरच त्याच्यासाठी चहा सांगेल.