मधुमेह्याच्या ताटांतील तेलतूप

आमच्या धाकट्या बंधूंस मधुमेह जडून बारा वर्षें झालीं. गेल्या दिवाळींत परदेशस्थ भाच्यानें त्यांस दोन बाटल्या दिल्या; एकींत मत्स्यतेलाच्या गोळ्या, दुसरींत ‘ई’ जीवनसत्त्वाच्या. (पहिली बाटली स्वयंपाकघरांत ठेवण्यास सौभाग्यवतींनीं साफ नकार दिला, तो भाग निराळा!) या गोळ्यांच्या भरंवशावर बंधूंचें पथ्य सुटलें, डॉक्टरांचें औषधहि एक वेळेवर आलें. चैत्रांत रक्त तपासलें तों तीन महिन्यांच्या सरासरीचा आंकडा साडेसातावरून सव्वानवावर गेलेला!

बंधूंचा तर्क अगदींच निराधार नव्हता. रक्तांत साखर वाढली म्हणजे शरीरांत प्राणवायूपासून होणारे दाहक कण वाढतात व ते रक्तवाहिन्यांस इजा करितात. ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वें त्यांस आवरतात. परंतु गोळीच्या रूपानें तो लाभ प्रयोगांत दिसला नाहीं. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ प्रयोगांत, ज्यांत मधुमेही पुष्कळ होते, रोज ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व सुमारें साडेचार वर्षें देऊनहि हृदयविकार घटला नाहीं. २०१८ च्या ‘असेंड’ प्रयोगांत ब्रिटनमधील १५,४८० मधुमेह्यांपैकीं निम्म्यांस सात वर्षांहून अधिक काळ मत्स्यतेल दिलें, निम्म्यांस ऑलिव्ह तेल. हृदयविकार व पक्षाघात यांत लक्षणीय अंतर पडलें नाहीं.

मग स्निग्ध पदार्थांचा विचार सोडावा काय? मुळींच नाहीं, तो ताटांत करावा. मधुमेह्यास हृदयविकाराचें भय इतरांहून अधिक, आणि तूप, लोणी, खोबरेल यांतील संपृक्त मेदाम्लें रक्तांतील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात. करडई, सूर्यफूल, भुईमूग यांच्या तेलांत असंपृक्त मेदाम्लें अधिक. जवसांत तर मत्स्यतेलाच्याच कुळांतील मेदाम्ल आहे. आपली जवसाची चटणी उगीच टाकूं नये. मात्र हीं तेलें तुपाच्या जागीं घ्यावयाचीं, तुपावर आणखी नव्हेत. कोणत्याहि तेलाच्या एका ग्रॅमांत नऊ कॅलरी असतात, आणि वजन वाढलें कीं इन्सुलिनचें कार्य मंदावतें.

‘क’ जीवनसत्त्वासाठीं आवळा, लिंबू, पेरू आहेतच. मोरावळा मात्र मधुमेह्यानें औषध म्हणून खाऊं नये. त्यांत आवळ्याहून पाकच फार! शिवाय ‘क’ च्या मोठ्या मात्रेनें घरगुती यंत्रांपैकीं कांहीं साखरेचा आंकडा चुकीचा दाखवितात, हेंहि ध्यानांत असावें.

बंधूंनीं औषध पुन्हां दोन वेळां सुरू केलें आहे. सौभाग्यवती फोडणीचें तेल आतां चमच्यानें मोजून घालतात. त्यावर पंक्तींत रोज कुरकुर होते. पुढील तपासणी आषाढांत आहे.