अवर्षणग्रस्त गावचा नौकापटू : दत्तू भोकनळ

नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे गाव पाण्याच्या दुर्भिक्ष्याचे. बारामतीच्या जिरायती पट्ट्यातील, किंवा उजनीचे पाणी न पोहोचलेल्या इंदापूरकडील वाचकास हे चित्र अपरिचित नाही. या गावच्या, १९९१ साली जन्मलेल्या दत्तू बबन भोकनळ यांनी सैन्यात दाखल झाल्यावर पुण्यात वल्हे हाती घेतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव नौकापटू म्हणून ते उतरले.

त्यांचा प्रकार एकेरी नौकेचा : दोन हातांत दोन वल्ही, अंतर २००० मीटर. आपल्या नदीवरच्या नावाड्याप्रमाणे येथे 'नाव वल्हविणे' म्हणजे केवळ बाहुबळ नव्हे. बैठक रुळांवर मागेपुढे सरकते व बराचसा रेटा पायांचा असतो. शिवाय खेळाडूची पाठ गंतव्याकडे असते, म्हणजे मागे पडलेले प्रतिस्पर्धी त्यास दिसतात, पुढे गेलेले दिसत नाहीत.

रिओत ते तेरावे आले. हा क्रमांक प्रथमदर्शनी सामान्य वाटतो. परंतु त्याचा अर्थ स्पर्धेच्या रचनेत शोधावा लागतो. उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या तिघांनाच पदकाकडे जाणारी वाट मोकळी असते आणि भोकनळ चौथे आले होते. तेथून पुढे उत्तमात उत्तम स्थान तेरावेच उरते. ते त्यांनी ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत 'क' गटाची अंतिम शर्यत जिंकून मिळविले.

वजनमर्यादेचा हलका गट त्यांच्या वाट्यास आला नाही, हेही ध्यानी घ्यावे. त्या गटात पुरुषाचे वजन ७२.५ किलोंहून अधिक चालत नाही आणि ऑलिंपिकमध्ये त्याची एकेरी शर्यत कधी नव्हतीच. १९९६ मध्ये आरंभलेला हा गट २०२४ च्या पॅरिसनंतर तेथून वगळला गेला.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत ते कोलमडले. दुसऱ्याच दिवशी सवर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नौकेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे, एकेरी शर्यत हेतुतः अपूर्ण ठेवली असा ठपका ठेवून महासंघाने २०१९ मध्ये त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. आदल्या दिवशीचे आजारपण व दुसऱ्या दिवशीचे यश यांचा मेळ घालणे सोपे नाही, हे खरे. तथापि चौघांच्या नौकेत एकाची उणीव झाकली जात नाही, हेही तितकेच खरे. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.