वाळूत वल्हे मारणारे चाक

रविवारची संध्याकाळ होती. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाकडून एक मोटार वाळूत उतरली. समोर ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा दिसत होता. तिथपर्यंत जायचे, एवढाच चालकाचा बेत होता. पण मधली वीस-पंचवीस पावले कोरड्या, भुसभुशीत वाळूची होती. तिथे गाडी अडली. चालकाने जोर लावला. चाके गरगर फिरली, वाळू मागे उडाली आणि गाडी पुढे जाण्याऐवजी खाली गेली. आणखी जोर, आणखी खड्डा! शेवटी गाडीचे पोट वाळूला टेकले. आणि तिकडे भरती सुरू झाली होती.

जवळ जाळी आवरत बसलेले दोघे कोळीदादा उठून आले. त्यांनी आधी इंजिन बंद करायला सांगितले. मग हातांनी चाकांपुढची वाळू उपसली, चारही टायरांतली बरीच हवा सोडली, चाकांपुढे नारळाच्या झावळ्या अंथरल्या आणि "आता हळू!" असे म्हणून मागून रेटा दिला. गाडी बाहेर आली.

विद्यार्थिमित्रांनो, या कोळीदादांनी जे केले त्यात वाळूच्या विज्ञानाचे सारे सार आहे. तेवढे समजले, की वाळवंटात धावणाऱ्या चारचाकी मोटारसायकलीला, म्हणजे 'क्वाड'ला, मागे कसले टायर लावावेत या प्रश्नाचे उत्तरही आपल्याला स्वतःच काढता येते. ही वाहने तुम्ही अलिबागकडच्या किनाऱ्यांवर पाहिली असतील. तिथे ती बहुधा घट्ट वाळूवर धावतात, म्हणून साध्या खाचांच्या टायरांवर भागते. पण राजस्थानच्या, अरबस्तानच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या वालुकागिरींवर, म्हणजे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांवर, मागच्या चाकांना वेगळेच टायर घालतात. टायर जवळजवळ गुळगुळीत आणि त्यावर आडव्या उभारलेल्या रबरी पट्ट्या. पट्ट्या कसल्या, वल्हीच ती!

वाळूचा स्वभाव

मूठभर कोरडी वाळू वर्तमानपत्राच्या कागदावर एकाच जागी हळूहळू सोडा. एक शंकू तयार होईल. आणखी वाळू ओता. शंकू मोठा होईल, पण त्याचा उतार बदलणार नाही. कोनमापकाने मोजलात तर तो 30 ते 35 अंशांच्या आसपास भरेल. याला वाळूचा विश्रामकोन म्हणतात. उतार याहून अधिक झाला, की वरचे कण घरंगळतात.

कोरड्या वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. त्यांना धरून ठेवते ते केवळ घर्षण. घर्षण वरून पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. विश्रामकोन 33 अंश धरला, तर त्याचे स्पर्शगुणोत्तर सुमारे 0.65 येते. याचा अर्थ असा, की चाकावर 100 किलोग्रॅम भार असेल, तर वाळू सुमारे 65 किलोग्रॅम-भाराइतका रेटा सोसेल. त्याहून जास्त रेटा दिला, तर कणांचा थर तुटून मागे सरकेल आणि चाक जागच्या जागी फिरेल. इंजिन कितीही शक्तिमान असो, वाळू देते त्याहून अधिक रेटा चाकाला मिळत नाही. आपल्या मोटारचालकाला नडले ते हेच.

आता ओली वाळू घ्या. तिच्या कणांमध्ये पाण्याचे पातळ पापुद्रे असतात आणि पृष्ठताणामुळे ते कणांना एकमेकांकडे ओढतात. म्हणून ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, आणि म्हणूनच ओहोटीनंतरच्या पट्ट्यावर सायकलही सुखाने चालते. त्या पट्ट्यावर पाय दाबून ठेवा. पायाभोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसते. दाबामुळे दाटीने बसलेले कण एकमेकांवर चढतात, मधल्या पोकळ्या मोठ्या होतात आणि वरचे पाणी त्यांत उतरते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने 1885 मध्ये याचा उलगडा केला. मात्र वाळू पाण्याने पूर्ण भरली, की पापुद्रे नाहीसे होतात आणि बळकटीही जाते. घट्ट वाळूवर उभ्या केलेल्या गाडीच्या चाकांभोवती भरतीचे पाणी खेळू लागले, की ती रुतते, ती यामुळेच.

आधी बुडायचे नाही

चाकापुढे दोन कामे असतात. पहिले, वाळूत न बुडणे. येथे प्रश्न भाराचा नाही, दाबाचा आहे. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ.

टायर जमिनीवर साधारण आपल्या आतल्या हवेच्या दाबाइतकाच दाब देतो. समजा, मोटारीच्या एका चाकावर 300 किलोग्रॅम भार आहे आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 2 किलोग्रॅम आहे. मग टायरचा सुमारे 150 चौ. सें.मी. भाग जमिनीला टेकेल. हवा सोडून दाब निम्मा केला, तर टायर पसरून 300 चौ. सें.मी. टेकेल. भार तोच, पण वाळूवरचा दाब निम्मा! कोळीदादांनी हवा सोडली ती यासाठी.

क्वाडचे टायर रुंद, फुगीर आणि कमी हवेचे असतात. होंडा कंपनीने 1970 मध्ये तीन चाकांचे असे एक वाहन विक्रीस आणले, तेही फुग्यासारख्या टायरांवरच धावत असे. चालकासह क्वाडचा भार 300 किलोग्रॅम आणि टायरातला दाब 0.35 किलोग्रॅम धरा. प्रत्येक चाकाखाली 200 चौ. सें.मी.हून थोडे अधिक क्षेत्र येते. आता तुम्ही 50 किलोग्रॅम वजनाचे असाल आणि तुमच्या तळपायाचे क्षेत्रफळ 150 चौ. सें.मी. असेल, तर चालताना एका पायावर भार येतो तेव्हा वाळूवर किती दाब पडतो, हे काढून पाहा. उत्तर जवळजवळ तेच येईल. एवढे मोठे यंत्र वाळूवर अनवाणी मुलाच्या पावलाने चालते!

राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश अभियंत्याने 1929 ते 1932 या काळात लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी नेल्या. टायरांतली हवा कमी करणे आणि रुतलेल्या चाकाखाली पोलादी पट्ट्या सरकवणे, ही त्याची मुख्य हत्यारे होती. पुढे 1941 मध्ये त्याने वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूवर लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासला जातो. त्याच्या पोलादी पट्ट्या आणि अर्नाळ्याच्या झावळ्या यांचे काम एकच: चाकाचा भार आणि रेटा अधिक वाळूवर वाटून देणे.

मग पुढे ढकलायचे

दुसरे काम अधिक अवघड. चाक वाळूला मागे ढकलते, वाळू चाकाला पुढे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम! पण वाळू पुरेशी अडवलीच नाही, तर ती ढकलणार कशी?

यावरची युक्ती आपल्या भातशेतीत दिसते. पावसाळ्यात चिखलणी करताना ट्रॅक्टरला किंवा पॉवर टिलरला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात. त्यांच्या आडव्या पट्ट्या चिखलात शिरतात आणि जास्त खोलवरच्या चिखलाला रेटतात. वाळूतले वल्ह्याचे टायर हे याच कुळातले. प्रत्येक वल्हे चमच्यासारखे किंचित खोलगट असते. ते वाळूत घुसते, आपल्यापुढची वाळू पाचरीसारखी दाबून धरते आणि उरलेली वेगाने मागे फेकते. होडीचे वल्हे पाणी मागे सारते, तसेच.

हे टायर बसवताना दिशा पाहावी लागते. जमिनीला टेकलेल्या बाजूस वल्ह्याचे खोलगट तोंड गाडीच्या मागच्या अंगाला हवे. उलटे बसवले, तर वाळू त्याच्या पाठीवरून निसटेल. चमच्याच्या पाठीने श्रीखंड वाढून पाहा, म्हणजे कळेल!

किती वल्ही, केवढी?

क्वाडच्या मागच्या टायरांवर साधारणतः 8 ते 12 वल्ही असतात आणि त्यांची उंची दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत असते. मग निवड कशी करायची? थोडे गणित करू.

समजा, मागची दोन चाके मिळून सेकंदाला 50 किलोग्रॅम वाळू सेकंदाला 4 मीटर वेगाने मागे फेकतात. रेटा म्हणजे दर सेकंदाला फेकलेले वस्तुमान गुणिले वेग: 50 × 4 = 200 न्यूटन. यासाठी वाळूला दिलेली ऊर्जा ½ × 50 × 4² = 400 ज्यूल, दर सेकंदाला. आता वल्ही लहान केली. सेकंदाला 25 किलोग्रॅमच वाळू फेकली जाते, पण 8 मीटर वेगाने. रेटा तोच, 200 न्यूटन. ऊर्जा मात्र ½ × 25 × 8² = 800 ज्यूल! थोडी वाळू जोरात उडवण्यापेक्षा पुष्कळ वाळू हळू ढकलणे फायद्याचे, असा याचा अर्थ.

तर मग मोठ्यात मोठी आणि जास्तीत जास्त वल्हीच का लावू नयेत? दोन कारणांसाठी. मोठे वल्हे वाळूला घट्ट धरते, चाकाला सहज फिरू देत नाही. लहान इंजिन वेगाने फिरत असेल तेव्हाच पुरेशी शक्ती देते. त्याच्या चाकाला मोठी वल्ही लावली, तर ते वेगच घेऊ शकत नाही आणि चढावर गुदमरते. लहान मुलाच्या हातात मचव्याचे वल्हे दिल्यासारखे ते होते. दुसरे कारण असे, की वल्ही फार दाटीने बसवली, तर मधल्या फटींत वाळू अडकून राहते आणि टायर पुन्हा गुळगुळीत पिंपासारखा वागतो. फार विरळ बसवली, तर चाक धक्के खात चालते.

म्हणून थोडक्यात नियम असा: लहान इंजिन, हलका चालक, तर कमी आणि बुटकी वल्ही, मोठे इंजिन, जड भार, उंच चढ, तर अधिक आणि उंच वल्ही. टायर स्वतः मात्र हलका हवा, कारण जड चाकाला गती देण्यातच शक्ती खर्च होते. आणि रस्त्यावर किंवा घट्ट ओल्या वाळूवर हे टायर नकोतच. तिथे वल्ही आत शिरत नाहीत, नुसती आपटतात आणि झिजतात.

चढाची परीक्षा

वालुकागिरीची वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची असते. वाऱ्याच्या आडोशाची बाजू मात्र घरंगळत्या वाळूची, विश्रामकोनाइतकी उभी असते. आता विचार करा. वाळू ज्या कोनात जेमतेम थांबते, त्याच कोनाच्या चढावर गुळगुळीत चाकाला मिळणारा सारा रेटा स्वतःचे वजन पेलण्यातच संपतो. सगळा भार चालत्या चाकांवर असला तरी, आणि चाक जराही रुतले नाही तरी, शिल्लक शून्य! त्या वाळूच्या ढिगाने कागदावरच आपल्याला चढाची मर्यादा सांगून टाकली होती. म्हणून अशा चढावर खालूनच वेग घेऊन जावे लागते, आणि म्हणूनच वल्ही लागतात.

चढताना भार मागच्या चाकांवर सरकतो. वल्ही मागे असतात ती यासाठीच. पुढच्या टायरांना वल्ही नसतात, मधोमध एक उभी कड असते. ती वाळू कापत जाते आणि गाडीला दिशा देते. होडीत सुकाणू मागे असते, येथे ते पुढे आले, एवढाच फरक.

करून पाहा

दोऱ्याचे रिकामे रीळ घ्या. त्याच्या भोकातून रबर ओवा. एका टोकाला काडीचा छोटा तुकडा अडकवून तो चिकटपट्टीने रिळाला बसवा. दुसऱ्या टोकाला भोक पाडलेली मेणबत्तीची चकती घालून त्यात लांब काडी अडकवा. काडी फिरवून रबराला पीळ द्या, की झाली गाडी तयार! परातीत कोरडी वाळू पसरा आणि ही गाडी किती अंतर जाते ते मोजा. मग रिळाच्या दोन्ही कडांवर जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवा. आधी 4, मग 8, मग 16. पट्ट्यांची उंचीही बदला. परात एका बाजूने उचलून चढ द्या. पीळ मात्र प्रत्येक वेळी तेवढाच ठेवा. कोणत्या रबराला कोणती वल्ही मानवतात, त्याचा तक्ता वहीत करा. शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून हा प्रयोग घेतला, तर निष्कर्षांवर चांगली चर्चा होईल.

एक शेवटची गोष्ट

जे वल्हे वाळवंटातल्या उघड्या टेकडीवर शोभते, ते अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगावच्या किनाऱ्यावर शोभेल का? आपल्या किनाऱ्यालगतचे वाळूचे उंचवटे ठेंगणे आहेत. त्यांना धरून ठेवतात त्या मर्यादवेलीसारख्या वनस्पती. त्यांची मुळे म्हणजे वाळूला बांधणारी दोरीच. वल्ह्याच्या टायरचे कामच मुळी वाळू उखडून मागे फेकण्याचे! एकदा वेल तुटली, की उघडी पडलेली कोरडी वाळू वारा नेतो, आणि उधाणाच्या लाटांना वाट मिळते. त्या उंचवट्यांच्या मागे वसईकरांच्या वाड्या आणि गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांना सर्वांत संवेदनशील वर्गात घातले आहे, ते उगाच नव्हे.

कोळीदादांनी गाडी काढली ती वाळूशी झुंजून नव्हे, तिचा स्वभाव ओळखून. तुम्ही किनाऱ्यावर जाल तेव्हा मर्यादवेलीवर पाय न देता खाली वाका, मूठभर कोरडी वाळू उचला आणि तिचा एक शंकू करा. वाळूचा स्वभाव तीच सांगेल.