साडेचारशे डॉलरचा कॉम्प्युटर

मंडळी, सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटला की तो कॉम्प्युटरचा डॉक्टर, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. कुणाकडे सत्यनारायणाला गेलो तर प्रसाद हातात पडायच्या आत "जरा आमचा प्रिंटर बघता का?" हे ठरलेलेच. खरे सांगायचे तर इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन आणि बारा वर्षे प्रोग्रॅम लिहूनही मी २०२३ सालापर्यंत कॉम्प्युटरचे झाकण कधी उघडले नव्हते. उघडले तेही हौसेने नाही.

मार्च २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. एच-१बी वर असलेल्या माणसाला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, हे आपल्यातल्या बहुतेकांना सांगायला नको. कंपनीचा लॅपटॉप आठवड्यात परत गेला आणि तेव्हा लक्षात आले की आमच्या एडिसनच्या घरात आपला म्हणावा असा एकही कॉम्प्युटर नाही. मुलीचा क्रोमबुक शाळेचा. बायकोच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला. (अशी बॅटरी कुणाकडे असेल तर ती चार्ज करू नका आणि कचऱ्यातही टाकू नका, आग लागू शकते. बॅटऱ्या घेणाऱ्या रिसायकलिंग केंद्रात द्या.) रेझ्युमे फोनवरून पाठवता येतो, पण प्रोग्रॅमिंगची मुलाखत फोनवर देता येत नाही.

बायकोने वही काढली. भाडे, कोब्राचा हेल्थ इन्शुरन्स, गाडीचा हप्ता वगैरे मांडून झाल्यावर कॉम्प्युटरसाठी ४५० डॉलर उरले. "वर एक सेंट नाही," असे तिने बजावले. त्या किमतीतले बरेचसे लॅपटॉप असे की मेमरी बोर्डलाच चिकटवलेली, पुढे वाढवायची सोय नाही. मॉनिटर आणि कीबोर्ड घरून काम करण्याच्या दिवसांत मी स्वतःच्या पैशाने घेतलेले होते. तेव्हा सुटे भाग आणून डेस्कटॉप जोडायचा असे ठरवले आणि डोंबिवलीला बाबांना फोन लावला.

बाबांना फोन करण्याचे कारण असे की आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर त्यांनी २००० साली लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणला होता. पतपेढीचे कर्ज काढून. दुकानदाराशी तासभर घासाघीस झाली, शेवटी तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, कॅबिनेटबरोबर पॉवर सप्लाय फुकट." बाबा खूश. दुसऱ्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली आणि कॅबिनेटमधून जळका वास आला. पॉवर सप्लाय गेलाच, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. बाबा सोसायटीचे खजिनदार. दीड वर्षाचे हिशेब त्या डिस्कवर होते. पुढचे दोन महिने ते रोज रात्री पावत्यांच्या गठ्ठ्यात बसलेले मला आठवतात. तेव्हा फोनवर त्यांनी एवढेच सांगितले, "बाकी काय हवे ते घे. पॉवर सप्लाय फुकटातला घेऊ नकोस."

म्हणून पॉवर सप्लायपासूनच सुरुवात करतो, जरी बहुतेक लोक त्याचा विचार सर्वांत शेवटी करतात. भिंतीतल्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यात रूपांतर करणे हे त्याचे काम. प्रत्येक भाग याच्यावर जगतो. चांगल्या सप्लायमध्ये व्होल्टेज चढले किंवा शॉर्ट झाला तर स्वतःच बंद पडण्याची सोय असते. स्वस्तातल्यात नेमकी तिथेच काटकसर झालेली असते. खोक्यावरचे '८० प्लस' हे शिक्के वीज किती वाया जात नाही ते सांगतात, संरक्षणाबद्दल काही सांगत नाहीत. मी आधी वॉरंटी बघितली. पाच वर्षे किंवा जास्त वॉरंटी देणाऱ्याला आपला माल टिकेल असा थोडा तरी विश्वास असतो. वॉटचा मात्र हव्यास नको. घरगुती मशीन दीडशे वॉटच्या आत चालते, ५५० पुष्कळ झाले. आणि काहीही झाले तरी सप्लायची पेटी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जबर झटका देऊ शकतात.

कॉम्प्युटर भारतात न्यायचा विचार असेल तर सप्लायच्या मागे लाल स्विच आहे का ते बघा. असल्यास तो ११५ वर ठेवून पुण्यात २३० व्होल्टला लावला की खेळ खलास. बऱ्याच नव्या सप्लायवर १०० ते २४० लिहिलेले असते, त्यांना ही चिंता नाही.

प्रोसेसर मी एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला. २०२१ मध्ये तो २५९ डॉलरला बाजारात आला, मला दोन वर्षांनी १२५ ला मिळाला. त्या शेवटच्या 'जी'ला महत्त्व आहे. त्यात चित्र दाखवणारा भाग आतच असतो, वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. साध्या ५६०० मध्ये तो नाही. इंटेलच्या आकड्यापुढे 'एफ' असेल तर तिथेही नाही. दहा डॉलर वाचले म्हणून 'एफ' घेऊन यायचा आणि पडदा काळा का म्हणून डोके धरून बसायचे, असे होते. ज्यांच्या घरी मोठे गेम खेळायचे नाहीत त्यांनी ग्राफिक्स कार्डाच्या वाटेला जाऊच नये. बजेट फुगते ते तिथे.

मदरबोर्ड ९५ डॉलरचा, बी५५० जातीचा. त्याहून जुने बोर्ड स्वस्त होते, पण त्यांचा बायोस जुना असेल तर ते नवा प्रोसेसर ओळखत नाहीत, आणि बायोस बदलायला कधी कधी जुना प्रोसेसर हाताशी लागतो. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत.

मेमरी १६ जीबी, ३८ डॉलर. एक १६ ची पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच मेमरीतून काम चालवते आणि दोन पट्ट्यांनी रस्ता दुपदरी होतो. एक टेराबाइटची एसएसडी ४८ ला मिळाली. याहून वेगवान होत्या, पण ५६००जी ला तो वेग वापरताच येत नाही. पॉवर सप्लाय ६०, कॅबिनेट ५०. कॅबिनेटला हवा खेळायला पुढून जाळी असली की झाले, रंगीत दिवे ज्याच्या त्याच्या आवडीचे. एकूण ४१६, वर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स धरून ४४४ च्या आत. सगळे एकाच दिवशी पॅटरसनच्या माइक्रोसेंटरमधून आणले. सेल बघत बघत महिनाभर एकेक भाग जमवला तर पहिला बिघडलेला निघेपर्यंत त्याची परत करण्याची मुदत संपलेली असते.

जोडायला एक अख्खा शनिवार गेला. रात्री नऊला बटण दाबले, पंखे फिरले, पडद्यावर काही नाही. पोटात गोळा आला. अर्ध्या तासाने मुलीनेच विचारले, "बाबा, ही वायर कुठली?" प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर मी लावलीच नव्हती.

विंडोज ११ होमची छापील किंमत १३९ डॉलर. ती वाचवायला उबुंटू लिनक्स टाकले. ते फुकट आहे आणि त्यात मराठीही सुरेख लिहिता येते. सोमवारी पहिली मुलाखत. रविवारी रात्री लक्षात आले की लॅपटॉपला असतो तसा डेस्कटॉपला ना कॅमेरा असतो ना माइक! २५ डॉलरचा वेबकॅम आणला आणि वहीतली मर्यादा ओलांडली. बायको अजून ते विसरलेली नाही.

आता आजच्याबद्दल. २०२३ मध्ये मेमरी आणि एसएसडी विलक्षण स्वस्त होत्या. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढून मेमरीचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा माझे आकडे घेऊन दुकानात जाऊ नका. ज्यांना फक्त ईमेल, टॅक्स आणि आईशी व्हिडिओ कॉल एवढेच करायचे आहे, त्यांनी जोडण्याच्या फंदात न पडता ऑफिसांतून निघालेला, तपासून विकलेला जुना डेस्कटॉप घ्यावा. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा बघा, कारण विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अधिकृतपणे विंडोज ११ त्याहून जुन्या इंटेलवर चालत नाही. अशा मशीनांचे पॉवर सप्लाय बरेचदा वेगळ्याच मापाचे असतात, बिघडल्यास बाजारातला बसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

ऑफर ४१ व्या दिवशी आली आणि नव्या कंपनीने पिटिशन मुदतीच्या आत भरले. मशीन अजून तेच आहे, आता मुलगी वापरते. हिशेबाच्या फाइली मात्र दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर उतरवतो. बाबा फोनवर आठवणीने विचारतात. कुणाला जोडायचा असेल तर पुढच्या कार्यक्रमात मला जरूर गाठा. स्क्रूड्रायव्हर माझा, चहा तुमचा. प्रिंटरबद्दल मात्र कृपया विचारू नये.